हवेतला डेटा आणि इंदुरातली मराठी घरं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्नेहलतागंजातलं जुनं घर असो की सुदामानगरातलं भिंतीला भिंत लागलेलं, नेटची तक्रार एकाच शब्दात येते: 'स्पीड नाही.' जरा खोदून विचारलं की कळतं, प्लॅनचा वेग पुरेसा असतो. डेटा वाटेत खराब झालेला असतो, पुन्हा पाठवावा लागलेला असतो, नाहीतर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेला असतो. वायरलेसमध्ये खरी टंचाई हवेतल्या वेळाची. तो वेळ कोण खातंय हे समजलं की निम्म्या तक्रारी पैसे न खर्चता मिटतात. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बोलीत आहेत तसेच ठेवले आहेत.

टॉवर फुल दाखवून राहिलाय, पण नेट चालून नाही राहिलं. असं कसं?

फोनवरच्या कांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा किंवा राउटरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतो. तुमच्या फोनचा आवाज तिकडे पोहोचतो का, त्या हवेत गोंगाट किती आहे, रांगेत तुमच्या पुढे किती जण उभे आहेत, यातलं काहीच त्या कांड्यांना ठाऊक नसतं. शिवाय किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. प्रत्येक फोन कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते. दोन भावांचे फोन शेजारी ठेवून 'तुझ्यात चार, माझ्यात दोन' हा वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा आकडा हवा असेल तर डीबीएम, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायचं माप, बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय तपासणारी फुकट ॲप्स तो दाखवतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५पर्यंत घर सुखात चालतं. उणे ८०च्या पलीकडे गेलात की धडपड सुरू. हे मोजमाप सरळ चढत नाही. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, वीसचा म्हणजे शंभरपट. त्यामुळे 'फक्त दहाच तर कमी झालं' असं म्हणू नका.

पण आवाज मोठा असणं पुरेसं नाही, तो गोंगाटाच्या वर किती आहे हे महत्त्वाचं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हे गणितात मांडलं: एखाद्या मार्गातून बिनचूक किती माहिती जाऊ शकते, याची कमाल मर्यादा त्या मार्गाची रुंदी आणि सिग्नल-गोंगाटाचं प्रमाण या दोनच गोष्टी ठरवतात. आजचा महागातला महाग राउटरही या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

हवेत सोडलेला डेटा पोहोचला, हे राउटरला कळतं कसं?

पोचपावतीने. वाय-फाय डेटा छोट्या पुड्या बांधून पाठवतं, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट मिळालं की घेणारा लगेच छोटी पावती धाडतो. पॅकेटच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी-संख्या जोडलेली असते. आलेल्या डेटावरून तीच संख्या पुन्हा काढायची; जुळली तर पावती द्यायची, नाही जुळली तर गप्प बसायचं. पावती आली नाही की पाठवणारा समजतो, माल गेला नाही, आणि पुन्हा पाठवतो. काही वेळा प्रयत्न करून जमलं नाही तर ते पॅकेट सोडून देतो.

यातली मेख अशी की वाय-फायचं यंत्र ज्या चॅनलवर, म्हणजे लहरींच्या ज्या पट्टीवर, बोलतं त्याच चॅनलवर त्याच वेळी ऐकू शकत नाही. स्वतःच्या आवाजापुढे बाकी सगळं बुडतं. त्यामुळे दोघांचे डेटा हवेत एकमेकांवर आदळले हे आदळताना कळत नाही, पावती न आल्यावरच कळतं. म्हणून आदळणं टाळण्यावर सगळा भर. लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या पाहुण्यांसारखं चालतं हे: समोरचा थांबेपर्यंत थांबायचं, मग अंमळ रेंगाळायचं, तरीही दोघांनी एकदमच तोंड उघडलं तर दोघांनीही गप्प होऊन पुढच्या वेळी जास्त रेंगाळायचं. वाय-फायमध्ये हे रेंगाळणं ९ मायक्रोसेकंदांच्या (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) घटकांत मोजतात. शून्य ते पंधरा यांतला कुठलाही आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा आणि तेवढे घटक थांबायचं. टक्कर झाली की पंधराचे एकतीस, मग त्रेसष्ट, असं वाढत जास्तीत जास्त १०२३पर्यंत.

आता सुदामानगरातल्या एखाद्या गल्लीत एकाच चॅनलवर बसलेले शेजाऱ्यांचे राउटर मोजा. ते सगळे याच बैठकीत आहेत. पासवर्ड वेगळा आहे म्हणून हवा वेगळी होत नाही.

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, फोनवर निम्माच येतो. कंपनी फसवते का?

फसवत असेलही, पण आधी तारेने तपासा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पूर्ण वेग आला, तर कंपनीने आपलं काम केलंय. उरलेलं तुमच्या हवेत हरवतंय.

किती हरवतं ते जुन्या ५४ एमबीपीएसच्या वाय-फायवर सहज मोजता येतं. १५०० बाइटचं एक पॅकेट त्या वेगाने पाठवायला साधारण २२८ मायक्रोसेकंद लागतात. पण त्याआधी हवा मोकळी आहे ना हे बघायला ३४, सरासरी रेंगाळणं ६७, सुरुवातीची ओळख-लहर २०, मग पावतीआधीची विश्रांती १६ आणि खुद्द पावती २८. झाले ३९३. म्हणजे डब्यावर ५४ लिहिलेलं असलं तरी हाती येतात तिशीच्या आसपास, तेही घरात दुसरं कुणी नेट वापरत नसताना.

बरं, नुसता वेग वाढवून हे सुटत नाही. तोच डेटा ६०० एमबीपीएसने पाठवला तर २२८चे २० मायक्रोसेकंद होतात, पण थांबणं-रेंगाळणं-पावती तेवढीच राहते. हिशोब केला तर ६५च्या पुढे जाणं कठीण. म्हणून वाय-फायच्या २००९च्या ८०२.११एन मानकापासून एक शहाणपणाची सोय आली: अनेक पॅकेटं एकत्र बांधून एकाच पाळीत पाठवायची आणि सगळ्यांची मिळून एकच पावती घ्यायची. त्या पावतीत कुठलं पोहोचलं, कुठलं नाही याची यादी असते, त्यामुळे खराब झालेलंच तेवढं परत जातं. माझ्या मते वाय-फायच्या आजवरच्या सुधारणांत सर्वांत कमी कौतुक झालेली आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सुधारणा हीच.

एका जुन्या फोनमुळे अख्ख्या घराचं नेट मंदावतं म्हणतात. खरं?

खरं. आणि लोकांना हे पटवणं फार अवघड जातं.

वाय-फायमध्ये पाळी पॅकेटावर मिळते, वेळेवर नाही. समजा लॅपटॉप राउटरच्या शेजारी आहे आणि ५४ एमबीपीएसने बोलतो. आजोबांचा जुना फोन मागच्या खोलीत आहे, सिग्नल क्षीण, म्हणून तो ६ एमबीपीएसवर उतरलाय. लॅपटॉपचं एक पॅकेट, मग फोनचं एक, असं आळीपाळीने चालतं. लॅपटॉपचं काम ४०० मायक्रोसेकंदांत उरकतं. फोनला तेवढ्याच डेटाला बावीसशेच्या आसपास लागतात. दोघांची पॅकेटं सारखीच जातात, म्हणून दोघांनाही पाचाच्या आतच वेग मिळतो. लॅपटॉपवाला राउटरला शिव्या देतो आणि आजोबांना पत्ताही नसतो.

अलीकडच्या कित्येक राउटरांत वेळेचं समान वाटप करण्याची सोय असते. सेटिंगमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' या नावाने शोधा. नसेल तर एक साधा उपाय: आजोबांची खुर्ची हलवण्यापेक्षा राउटर घराच्या मध्यावर आणा. शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर ठेवलेला राउटर मी जागोजागी बघतो. दिसायला बरं दिसत नाही म्हणून लपवतात. दिसू द्या.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

राउटर सहसा या दोन रेडिओ-पट्ट्यांवर बोलतो. तो दिसत असेल तर ५, मध्ये दोन भिंती असतील तर २.४.

थोडं सविस्तर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद आहे आणि त्यात सगळे कोंबलेले: वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस. २०१८मध्ये भारत सरकारने त्यातला बराच भाग परवान्याविना वापरायला मोकळा केला, तेव्हापासून तर आणखीच. पण तेवढ्याच अंतरावर त्याची लहर साधारण सहा डेसिबलने, म्हणजे शक्तीत चौपट, क्षीण मिळते, आणि जाड भिंतीत तर ती आणखी मार खाते.

भिंत कशाची आहे यावर सगळं. आपला राजवाडाच बघा: सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. होळकरांच्या डोक्यात अर्थातच वाय-फाय नव्हतं, पण आज कुणी तिथे राउटर लावला तर लाकडी मजल्यांवर एकाने भागेल आणि दगडी मजल्यांवर जवळपास प्रत्येक दालनाला वेगळा लागेल. शहरातल्या जुन्या मराठी घरांत दीड-दोन फुटी भिंती अजून आहेत. तिथे ५ गिगाहर्ट्झचा हट्ट धरायचा तर खोलीखोलीत तार न्यावी लागेल.

चॅनल कोणता ठेवावा?

२.४मध्ये १, ६ किंवा ११. या तिघांच्या लहरी एकमेकांवर येत नाहीत. 'सगळे सहावर आहेत, मी हुशारीने चारवर जातो' असं करू नका. चारवर बसलात की एकवाल्यांचाही गोंगाट ऐकाल आणि सहावाल्यांचाही. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, अर्धवट एकावर एक आलेले मात्र थांबत नाहीत, नुसता गोंगाट वाढवतात. ५मध्ये ऑटोवर ठेवलं तरी चालतं.

ओव्हन लावला की नेट जातं. योगायोग का?

नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दाराच्या फटीतून थोडी गळती होतेच. खाणाऱ्यांना त्याचा धोका नाही, पण वाय-फायच्या नाजूक सिग्नलपुढे ती गळती फार मोठी. गंमत अशी की घरगुती ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात लहरी सोडतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ वीज म्हणजे दर २० मिलिसेकंदांतले सुमारे १० मिलिसेकंद. उरलेल्या फटीत वाय-फाय आपली पॅकेटं सारत राहतं. म्हणून नेट पूर्ण मरत नाही, रडत-खडत चालतं. स्वयंपाकघराजवळची यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर टाका, विषय संपला.

रिपीटर लावला तरी वेग निम्माच. विकणाऱ्याने तर 'फुल कव्हरेज' म्हटलं होतं.

कव्हरेज फुल झालंच आहे, वेग निम्मा झाला. एकाच रेडिओचा रिपीटर प्रत्येक पॅकेट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. हवेतला वेळ दुप्पट लागला. त्यात लोक रिपीटर नेमका तिथे लावतात जिथे सिग्नल मेलेला असतो, म्हणजे तो खराब ऐकून खराबच पुढे सांगतो. राउटर आणि सिग्नल न पोहोचणारी खोली यांच्या मध्यावर लावा. मेशच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक राउटरांच्या, महाग संचात आपसात बोलायला वेगळा रेडिओ असतो, त्याचा फायदा होतो. तरी घर स्वतःचं असेल तर वरच्या मजल्यावर एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावण्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही. रंगकामाच्या आधी ओढून घ्या.

सिनेमा छान चालतो, पण पुण्याला व्हिडिओ कॉल लावला की नातवाचा चेहरा गोठतो.

सिनेमाचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मध्ये दोन सेकंद काही आलं नाही तरी तुम्हाला कळत नाही. कॉलमध्ये साठा करायला काही नसतंच. जो शब्द उशिरा पोहोचला तो फुकट गेला. म्हणून कॉल सहसा यूडीपी नावाच्या पद्धतीवर चालतो, जिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागत बसत नाहीत, आणि सिनेमा टीसीपीवर किंवा तशाच हट्टी पद्धतीवर, जिथे प्रत्येक बाइट मिळाल्याशिवाय पुढे जात नाहीत. वाय-फाय खालच्या पातळीवर पुन्हा पुन्हा पाठवून गळती झाकतं खरं, पण त्यामुळे एक पॅकेट ५ मिलिसेकंदांत येतं आणि पुढचं ८०मध्ये. कॉलला वेगापेक्षा ही अनियमितता मारते.

दुसरं कारण घरातच असतं. कुणाच्या तरी फोनवरून त्याच वेळी मोबाईलमधले फोटो वर चढत असतात. बऱ्याच राउटरांत बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग प्रमाणाबाहेर लांब ठेवलेली असते. रांग भरली की तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट फोटोंच्या ढिगामागे उभं राहतं. या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास त्यावर बराच आरडाओरडा केला, आणि त्यातून रांग शहाणपणाने चालवणाऱ्या पद्धती पुढे आल्या. राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'एफक्यू-कोडेल' असा पर्याय असेल तर चालू करा, आणि वेगाची मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी खाली ठेवा. दहातला अर्धा-एक एमबीपीएस सोडून द्यायचा आणि कॉल लोण्यासारखा चालवायचा, हा सौदा मी कधीही करीन.

एक टक्का पॅकेट हरवली तर काय एवढं बिघडतं?

फार बिघडतं. टीसीपीची गर्दी ओळखण्याची पद्धत व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडली, ती तारांच्या जगात. तारेत डेटा सहसा खराब होत नाही. पॅकेट हरवलं म्हणजे पुढे कुठेतरी गर्दी झाली, तेव्हा वेग निम्मा करा, हा तर्क तिथे बरोबर होता. हवेत पॅकेट भिंतीमुळेही हरवतं, ओव्हनमुळेही. टीसीपी बिचारं तरीही गर्दी समजून ब्रेक मारतं.

आकड्यांत बघा. जाऊन-येऊन ५० मिलिसेकंदांचा पल्ला आणि एक टक्का गळती असेल, तर जुन्या पद्धतीचं टीसीपी ३ एमबीपीएसच्याही आत अडकतं. तुमचा प्लॅन १००चा असो की ३००चा. गळती शंभरपट कमी केली तर वेग दहापट वाढतो. म्हणूनच वाय-फाय आणि मोबाईल, दोघंही गळती वरच्या थरापर्यंत जाऊच देत नाहीत. ४जी-५जीमध्ये तर खराब आलेलं पॅकेट टाकून न देता जपून ठेवतात आणि दुसऱ्यांदा आलेल्या प्रतीशी जोडून दोन अर्धवटांतून एक पूर्ण वाचतात. गूगलची २०१६ची बीबीआर ही पद्धत तर हरवण्याकडे फारसं बघतच नाही, मार्ग प्रत्यक्ष किती वाहतोय ते मोजते.

सराफ्यात पैसे कापले गेले, पण दुकानदाराची पेटी बोललीच नाही. दोनदा द्यावे का?

नका देऊ, आधी थांबा. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीसमोर उभं राहून हा वाद ऐकला नाही असा इंदूरकर विरळा.

यूपीआयचा प्रत्येक व्यवहार एका स्वतंत्र क्रमांकाने ओळखला जातो. तोच निरोप नेटवर्कने दोनदा पोहोचवला तरी बँक क्रमांक बघून दुसरा टाकून देते. धोका आहे तो तुम्ही स्वतः पुन्हा स्कॅन करण्यात, कारण तो नवा व्यवहार, नवा क्रमांक. 'पेंडिंग' दिसत असेल तर थोडा वेळ द्या, मग ॲपमधली स्थिती आणि क्रमांक दुकानदाराला दाखवा. खात्यातून गेले आणि दुकानदाराला पुष्टी मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या पेटीचं म्हणाल तर तिच्यात एक सिम आणि एक स्पीकर असतो. तिला वेग लागतच नाही, काही अक्षरांचा निरोप लागतो. पण तो नक्की लागतो. असल्या यंत्रांसाठी एमक्यूटीटी नावाची हलकी पद्धत प्रचलित आहे. १९९९मध्ये ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली, जिथे जोडणी महाग आणि बेभरवशाची होती. तिच्यात निरोप पोहोचवण्याचे तीन दर्जे आहेत: सोडला आणि विसरलो, निदान एकदा तरी पोहोचेल, कदाचित दोनदा, आणि नेमका एकदाच. तिसऱ्याला चार निरोपांची देवाणघेवाण लागते, म्हणून तो महाग. दुसरा दर्जा घेऊन क्रमांकाने दुबार ओळखायचं, हा व्यवहारी मार्ग. गाडी दोन पत्र्यांच्या मध्ये असेल आणि पेटी तव्याखालच्या फळीवर, तर मात्र कुठलाच दर्जा उपयोगाचा नाही. पेटी वर टांगा.

रंगपंचमीच्या गेरमध्ये फोन का मरतो?

गेर म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत निघणारी मिरवणूक. राजवाड्यासमोर त्या दिवशी जेवढी माणसं असतात, तेवढ्यांसाठी कुठलाच टॉवर कायमचा बांधत नाहीत. अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्रीही तेच. तात्पुरते चाकांवरचे टॉवर आणतात, तरी पुरत नाहीत.

अडचण मुख्यतः दारातच होते. फोनला काहीही पाठवायचं असेल तर आधी टॉवरकडे 'मला जागा द्या' अशी हाक मारावी लागते. ४जीमध्ये या हाकेसाठी टॉवरच्या एका क्षेत्रात ६४ ठरावीक खुणा असतात; फोन त्यातली एक चिठ्ठी काढल्यासारखी उचलतो. दोघांनी तीच उचलली की टक्कर. ही युक्ती मूळ नॉर्मन अब्रामसन यांच्या १९७१च्या हवाईतल्या अलोहा जाळ्यातली. मनाला येईल तेव्हा पाठवायचं आणि आदळलं तर पुन्हा पाठवायचं, असं केल्यास मार्गाचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोग होतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. त्यापुढे जितकी हाकाटी वाढेल तितकं कमी पोहोचतं. म्हणून गर्दीत चिडून सारखं 'रिट्राय' दाबणारा माणूस स्वतःचंही नुकसान करतो आणि शेजाऱ्याचंही. त्यात माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, ते लहरी शोषतं. फोन खिशातून काढून डोक्याच्या वर धरणारे लोक वेडे नसतात.

घरच्यांना आधीच भेटायची जागा ठरवून द्या. फारच गरज पडली तर साधा एसएमएस करा, व्हिडिओ घरी जाऊन पाठवा.

आठ अँटेनांचा राउटर चांगला का?

नुसत्या शेपट्या मोजू नका. पण एकापेक्षा जास्त अँटेना असण्यामागची कल्पना मोठी आहे आणि तिचे धागे आपल्याकडचे आहेत. पूर्वी भिंतींवरून परावर्तित होऊन येणारी लहर म्हणजे त्रास मानत. अनेक अँटेना लावल्या तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी गणिताने सुट्या करून, एकाच चॅनलवर एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवता येतात. याला मिमो म्हणतात. या कल्पनेच्या पायाभूत पेटंटवर स्टॅनफर्डमधल्या आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांची नावं आहेत; ते १९९४मध्ये मंजूर झालं. कैलथ जन्माने पुण्याचे, १९५६मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातूनच पदवी घेऊन बाहेर पडले. पॉलराज आधी भारतीय नौदलात होते, तिथे त्यांनी पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर काम केलं. पाण्यातले प्रतिध्वनी वेगळे करणारा माणूस हवेतले वेगळे करू लागला. २०१४चं मार्कोनी पारितोषिक त्यांना मिळालं.

खरेदीपुरतं सांगायचं तर तुमच्या फोनमध्ये सहसा दोनच प्रवाह असतात. आठ शेपट्यांचा फायदा एकट्या फोनला थोडाच.

खंडवा रोडच्या शेतावर घरून नेट न्यायचंय. पावसात बंद पडेल?

पाऊस निर्दोष आहे. ५ गिगाहर्ट्झवर पावसाचा परिणाम नगण्य. १० गिगाहर्ट्झच्या वर तो जाणवू लागतो. पावसाळ्यात जोडणी बिघडते ती वाढलेल्या ओल्या पानांमुळे, किंवा दोन्ही टोकांना लावलेल्या डिश अँटेनांच्या जोडात पाणी शिरल्यामुळे.

समोरची डिश डोळ्यांना दिसली म्हणजे झालं, असा समज आहे. लहर रेषेत जात नाही, मधोमध फुगलेल्या पट्ट्यात जाते. तीन किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर त्या पट्ट्याची त्रिज्या सुमारे सहा मीटर असते, आणि त्यातला साठ टक्के तरी मोकळा हवा. म्हणजे मधल्या आंब्याच्या शेंड्यापासून रेषा जवळजवळ चार मीटर वर. नुसती दिसते म्हणून लावलेली डिश हिवाळ्यात चालेल आणि आषाढात रडवेल.

विहिरीच्या मोटरला, पाण्याच्या टाकीला सेन्सर लावायचा तर तिथेही वाय-फायच?

नको. दिवसातून काही वेळा चार आकडे पाठवायचे आहेत. त्यासाठी लोरा ही लांब पल्ल्याची, कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत बघा. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यासाठी परवान्याविना वापरता येतो. लोरा मुद्दाम अतिशय हळू बोलतं, आणि हळू बोलल्यामुळेच गोंगाटाच्याही खालचा सिग्नल वाचता येतो. उघड्यावर काही किलोमीटर सहज, आणि बॅटरी वर्षानुवर्षं.

वाय-फाय ६ घ्यावा की ७?

६ जरूर घ्या, विशेषतः घरात बरीच छोटी यंत्रं असतील तर. त्यात एकाच पाळीत चॅनलचे तुकडे पाडून अनेकांना एकदम वाटता येतात, रेंगाळणं वाचतं. ७चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, पण त्याच्या सर्वांत रुंद चॅनलला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो. मे २०२५मध्ये केंद्राने त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग कमी शक्तीच्या वापरासाठी मोकळा करण्याचा मसुदा काढला. एवढ्या जागेत ३२० मेगाहर्ट्झचं चॅनल एकच मावतं. फोनही ७चा नसेल तर पैसे केबलवर खर्चा.

रात्री राउटर बंद करावा का? किरणांचं काय?

राउटरची शक्ती साधारण एक दशांश वॅट, आणि या लहरी रेणू तोडणाऱ्या जातीच्या नाहीत. झोप जाते ती फोनच्या पडद्यामुळे. वीज वाचवायला बंद केलात तर हरकत नाही.

तक्रार नोंदवायच्या आधी काय तपासू?

केबलने लॅपटॉप जोडा आणि राउटरच्याच पत्त्याला पिंग लावा (छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं म्हणजे पिंग), सहसा तो १९२.१६८ने सुरू होतो. मग तेच वाय-फायवर करा. केबलवर एक मिलिसेकंद आणि वाय-फायवर कधी ३, कधी ९०, मध्येच गळती, असं दिसलं तर दुखणं घरातल्या हवेत आहे. वर लिहिलेलं करून बघा. राउटरपर्यंत दोन्हीकडे नीट आणि बाहेरच्या पत्त्याला गळती, तर कंपनीचं. पडद्यावरच्या त्या खिडकीचा फोटो काढा, त्यात वेळ दिसू द्या. संध्याकाळी सात ते अकरा या वेळेतलाच घ्या, कारण मेकॅनिक सकाळी येतो आणि तेव्हा सगळं ठणठणीत असतं. फोनवर 'स्पीड नाही' म्हणू नका, 'केबलवर इतके टक्के गळती' म्हणा. समोरचा लगेच रीस्टार्ट करायला सांगायचं थांबवतो.